सायलेन्सरच्या रंगामागचा शास्त्रज्ञ: फ्रेडरिक किपिंग



माझ्या जुन्या गाडीचा सायलेन्सर गंजायला लागला होता. पत्र्यावर तांबूस पापुद्रे आले होते, वेल्डिंगच्या कडेला बारीक खड्डे पडले होते. घरात खिडकीच्या ग्रिलसाठी आणलेला काळा ऑइल पेंट शिल्लक होता. म्हटलं, गॅरेजला कशाला पैसे द्यायचे? रविवारी गाडीखाली जुनी सतरंजी अंथरली, पॉलिश पेपरने गंज घासला आणि रंगाचे दोन हात मारले. वाळल्यावर सायलेन्सर अगदी नवा दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघालो. पाच-सहा किलोमीटर गेलो असेन, गाडीत जळका वास भरला. सिग्नलला थांबलो तर मागून निळसर धूर. शेजारच्या रिक्षावाल्याने हातानेच खूण करून दाखवलं. संध्याकाळी खाली वाकून पाहिलं, तर सगळा रंग फोड येऊन करपला होता आणि पापुद्रे लोंबत होते.

गॅरेजमधले मेस्त्री आधी पोटभर हसले. मग त्यांनी फळीवरून चंदेरी रंगाचा एक लहान डबा काढला. सायलेन्सरला हाच लागतो, असं म्हणाले. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा सिलिकोन रेझिनचा रंग आहे आणि तो 600 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो.

माझा रंग एका दिवसात करपला आणि हा 600 अंश सोसतो, हे कसं काय? वाचायला लागलो, आणि वाचता वाचता एका इंग्रज प्राध्यापकापर्यंत पोहोचलो. त्याने आयुष्याची चाळीस वर्षं या पदार्थांच्या कुळावर घालवली. गंमत म्हणजे, या कामातून नजीकच्या काळात काही मोठं निघेल अशी आशा त्याला स्वतःलाच नव्हती. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

आधी समजून घेऊ: साधा रंग का जळतो?

कोणत्याही रंगात मुख्यतः तीन गोष्टी असतात. रंगद्रव्य म्हणजे रंग देणारी पूड, ती पूड पृष्ठभागाला धरून ठेवणारा बाइंडर, आणि सगळं पातळ करणारा थिनर. थिनर उडून जातो. मागे राहतो तो बाइंडर आणि त्यात अडकलेली पूड.

साध्या ऑइल पेंटचा बाइंडर तेलापासून बनवलेली राळ असते. तिच्या रेणूंचा कणा कार्बनच्या साखळीचा. लाकूड, तेल, कापूस, कागद यांचाही कणा कार्बनचाच, आणि या वस्तू तापवल्यावर काय होतं ते आपल्याला चुलीपाशी दिसतंच. 150 ते 200 अंशांच्या आसपास असा रंग पिवळा पडतो, मग काळवंडतो, मग जळून त्याची भुकटी होते.

आता गाडीकडे पाहू. पेट्रोल इंजिनावर पूर्ण जोर पडला की बाहेर पडणारा वायू 800 अंशांच्याही वर जातो. इंजिनाला चिकटलेला मॅनिफोल्ड सगळ्यात जास्त तापतो. मागे मागे जाऊ तसं तापमान उतरतं, पण शेवटचा सायलेन्सरही साध्या रंगाला सोसवेल इतका गार नसतो. थोडक्यात, मी सायलेन्सरला रंग दिला नव्हता, जळण दिलं होतं!

मग कार्बनचा कणा नको असेल तर कशाचा हवा? हा प्रश्न किपिंगने कधीच विचारला नव्हता. त्याचं उत्तर मात्र त्याच्या प्रयोगशाळेत तयार होत होतं.

चित्रकाराचा नातू

फ्रेडरिक स्टॅन्ली किपिंग यांचा जन्म 16 ऑगस्ट 1863 रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ झाला. वडील बँक ऑफ इंग्लंडच्या तिथल्या शाखेत नोकरीला. आई ज्युलिया ही चार्ल्स ॲलन ड्युव्हाल या चित्रकाराची मुलगी. म्हणजे रंगाचा संबंध घरात आजोबांपासूनच होता, फक्त तो कॅनव्हासवरचा होता.

आणखी एक योगायोग. त्याच 1863 साली चार्ल्स फ्रीडेल आणि जेम्स क्राफ्ट्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी कार्बन आणि सिलिकॉन थेट जोडलेलं पहिलं संयुग तयार केलं. म्हणजे किपिंग आणि त्यांचा विषय एकाच वर्षी जन्माला आले, असं म्हणायला हरकत नाही.

मँचेस्टर ग्रामर स्कूल, काही काळ फ्रान्समधल्या कां शहरातली शाळा, आणि मग मँचेस्टरचं ओवेन्स कॉलेज असं त्यांचं शिक्षण झालं. पदवीनंतर मँचेस्टरच्या गॅसपुरवठ्याच्या कामात रसायनतज्ज्ञाची नोकरी मिळाली. तिथेच राहिले असते तर एक सुखी नोकरदार म्हणून निवृत्त झाले असते. पण 1886 मध्ये ते जर्मनीत म्युनिकला गेले.

त्या काळी रसायनशास्त्र शिकायचं तर जर्मनीच गाठायला लागायची. म्युनिकला आडोल्फ फॉन बायर यांची प्रयोगशाळा जगात नावाजलेली. तिथे किपिंगना मार्गदर्शक मिळाले ते त्यांच्यापेक्षा जेमतेम तीन वर्षांनी मोठे असलेले विल्यम हेन्री पर्किन, धाकटे पर्किन. यांचे वडील म्हणजे 1856 मध्ये जांभळा कृत्रिम रंग शोधणारे थोरले पर्किन. धाकट्या पर्किनकडे किपिंगनी 1887 मध्ये डॉक्टरेट मिळवली, तीही सर्वोच्च श्रेणीत.

तीन बहिणी आणि तीन रसायनशास्त्रज्ञ

परत आल्यावर किपिंग एडिंबरोच्या हेरियट-वॉट कॉलेजात पर्किनचेच साहाय्यक झाले. 1888 मध्ये त्यांनी लिली हॉलंड यांच्याशी लग्न केलं. लिलीची एक बहीण पर्किन यांची पत्नी, आणि तिसऱ्या बहिणीने लग्न केलं ते आर्थर लॅपवर्थ या आणखी एका मोठ्या रसायनशास्त्रज्ञाशी! एका घरचे तीन जावई आणि तिघेही सेंद्रिय रसायनशास्त्रातले. सणावाराला जेवणाच्या टेबलावर काय गप्पा होत असतील, कल्पना करा.

साडू झालेल्या पर्किन आणि किपिंग यांनी मिळून सेंद्रिय रसायनशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहिलं. ते 1894 मध्ये आलं आणि पुढे अनेक दशकं वापरलं गेलं. किपिंग हे नाव बहुतेक विद्यार्थ्यांना या पुस्तकामुळेच माहीत होतं.

मधल्या काळात, 1890 मध्ये, किपिंग लंडनला आले. तिथे विल्यम जॅक्सन पोप यांच्यासोबत त्यांनी कापरापासून मिळणाऱ्या आम्लांवर काम केलं. विषय होता रेणूंचा डावा-उजवेपणा. आपले दोन हात सारखेच असतात, पण उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात नीट बसत नाही. काही रेणूंचंही असंच असतं. घटक तेच, जोडणी तीच, पण एक रूप दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. ही दोन रूपं एकमेकांपासून वेगळी करणं हे अत्यंत किचकट काम. किपिंग त्यात तरबेज झाले.

हे कौशल्य लक्षात ठेवा. त्यांच्या यशाचं मूळ यातच आहे, आणि त्यांच्या नजरेतून जे निसटलं त्याचंही.

नॉटिंगहॅम आणि एक साधा प्रश्न

1897 हे वर्ष किपिंग यांच्यासाठी मोठं ठरलं. वयाच्या 34 व्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि त्याच वर्षी नॉटिंगहॅमच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. हे कॉलेज तेव्हा स्वतंत्र विद्यापीठ नव्हतं. मुलं लंडन विद्यापीठाच्या पदवीला बसायची. विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो थेट 1948 मध्ये. अशा कॉलेजात किपिंग आले आणि निवृत्तीपर्यंत, म्हणजे 1936 पर्यंत, तिथेच राहिले.

1899 च्या सुमारास त्यांनी एक प्रश्न हाती घेतला. प्रश्न दिसायला साधा होता. आवर्तसारणीत कार्बनच्या बरोबर खाली सिलिकॉन बसतो. दोघांनाही चार हात, म्हणजे दोघेही चार बंध करू शकतात. कार्बनच्या चार हातांवर सगळी सजीव सृष्टी उभी आहे. मग सिलिकॉनही असंच काही करू शकेल का? सिलिकॉनचे रेणूही डावे-उजवे असतील का?

इथे एक खुलासा करतो, कारण या दोन शब्दांत बऱ्याच जणांची गल्लत होते. सिलिकॉन हे मूलद्रव्य. पृथ्वीच्या कवचात वजनाने ऑक्सिजनच्या खालोखाल तेच भरलेलं आहे. वाळू म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन, मोबाइलची चिप म्हणजे शुद्ध सिलिकॉन. सिलिकोन मात्र वेगळं. सिलिकॉन, ऑक्सिजन आणि कार्बनयुक्त गट यांपासून माणसाने बनवलेला तो पदार्थ आहे. केकचे लवचिक साचे, बाथरूमच्या फटी बुजवायचा सीलंट आणि माझ्या सायलेन्सरचा रंग, हे सगळं सिलिकोन.

सुरुवातीला कार्बनचे गट सिलिकॉनला चिकटवणं फार अवघड होतं. मग 1900 मध्ये फ्रान्सच्या व्हिक्टर ग्रिन्यार यांनी मॅग्नेशियम वापरून एक नवं अभिकारक तयार केलं. त्यासाठी पुढे 1912 मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. किपिंग यांनी 1904 मध्ये हे हत्यार सिलिकॉनवर चालवलं आणि दार उघडलं. सिलिकॉन टेट्राक्लोराइड घ्यायचं, त्यातला एकेक क्लोरीन काढून त्या जागी हवा तो कार्बनी गट बसवायचा. एकामागून एक नवी संयुगं मिळू लागली. काही वर्षांतच त्यांनी सिलिकॉनचे डावे-उजवे रेणू वेगळे करून दाखवले. प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं: हो, सिलिकॉनही हे करू शकतो.

चुकीचं नाव, जे कायमचं चिकटलं

सिलिकोन हे नाव किपिंग यांनीच दिलं, 1901 मध्ये. आणि ते एका गैरसमजातून आलं!

कार्बनच्या रसायनशास्त्रात कीटोन नावाचा एक गट आहे. नेलपॉलिश काढायला वापरतात ते ॲसिटोन याच कुटुंबातलं. त्यात एका कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला असतो. किपिंग यांना जे संयुग मिळालं त्याचं रासायनिक सूत्र अगदी कीटोनसारखं दिसत होतं, फक्त कार्बनच्या जागी सिलिकॉन. म्हणून कीटोनच्या धर्तीवर नाव ठेवलं, सिलिकोन.

पण सिलिकॉनला ऑक्सिजनशी असा दुहेरी बंध ठेवणं रुचत नाही. तो एका ऑक्सिजनला दोन हातांनी धरत नाही. दोन हातांनी दोन वेगवेगळे ऑक्सिजन धरतो. प्रत्येक ऑक्सिजन आपला दुसरा हात पुढच्या सिलिकॉनला देतो. अशी सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन-ऑक्सिजन साखळी लांबत जाते. वारीत एकमेकांचे हात धरून उभी राहिलेली रांग डोळ्यांपुढे आणा, तसंच काहीसं.

म्हणजे कीटोनसारखा सुटा, आटोपशीर रेणू हा नव्हताच. या लांबच लांब साखळ्या होत्या. हे किपिंग यांच्याही लक्षात आलं, पण तोवर नाव रूढ झालं होतं. आज जगभर कारखान्यांच्या पाट्यांवर जे नाव आहे, ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने चुकीचं आहे.

बशीच्या तळाचा चिकटा

आता गोष्टीचा कळीचा भाग.

किपिंग यांना हवे होते शुद्ध स्फटिक. त्या काळच्या सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाला स्फटिक म्हणजे जीव की प्राण. स्फटिक मिळाला की त्याचा वितळणबिंदू मोजता येतो, शुद्धता तपासता येते, डावं-उजवं ठरवता येतं. पण सिलिकॉनच्या संयुगांवर पाणी घातलं की अनेकदा स्फटिक मिळायचेच नाहीत. त्याऐवजी तेलकट, चिकट, डिंकासारखा गोळा मिळायचा. ना त्याचा धड वितळणबिंदू, ना तो गाळून शुद्ध करता येत. भांडं घासायलाही त्रासच.

किपिंग यांनी हे चिकटे काळजीपूर्वक नोंदवले. ते कसे तयार होतात याचाही अभ्यास केला: सिलिकॉनला चिकटलेले दोन हायड्रॉक्सिल गट एकत्र येतात, पाण्याचा एक रेणू बाहेर टाकतात आणि मध्ये ऑक्सिजनचा पूल बांधतात. हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं. पण त्यांच्या दृष्टीने ती कामातली अडचण होती. या चिकट्याचं काही करता येईल का, हा त्यांचा विषयच नव्हता.

आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? जे शोधायला निघालो त्याच्या आड येणारी वस्तू आपण सगळेच बाजूला सारतो. शिवाय लांब साखळ्यांचे रेणू असू शकतात, ही कल्पनाच 1920 च्या दशकात हेर्मान श्टाउडिंगर यांनी मांडली आणि ती पचायला शास्त्रज्ञांना वेळ लागला. प्लास्टिकचं युग अजून नीट सुरू व्हायचं होतं.

किपिंग काम करत राहिले. 1918 मध्ये रॉयल सोसायटीचं डेव्ही पदक मिळालं. 1928 मध्ये कॉलेज शहराबाहेरच्या नव्या जागेत गेलं. ती जागा औषधविक्रीतून श्रीमंत झालेल्या जेसी बूट यांनी दिली होती आणि त्यांच्याच नावाच्या प्राध्यापकपदावर पहिली नेमणूक किपिंग यांची झाली. सिलिकॉनवरचे त्यांचे शोधनिबंध पन्नासच्या वर गेले.

1936 मध्ये, निवृत्तीच्या वर्षी, त्यांना रॉयल सोसायटीचं मानाचं बेकरियन व्याख्यान द्यायला बोलावलं. वय 73. आयुष्यभराच्या कामाचा हिशोब मांडायची संधी. त्यांनी तो प्रामाणिकपणे मांडला. कार्बनच्या अफाट विश्वाच्या तुलनेत सिलिकॉनची सेंद्रिय संयुगं थोडी आहेत, त्यांच्या अभिक्रियांचे प्रकार मर्यादित आहेत, आणि या शाखेत नजीकच्या काळात काही महत्त्वाची प्रगती होईल असं फारसं आशादायक चित्र दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मला हा प्रसंग वाचताना थोडं वाईट वाटलं. चाळीस वर्षं दिल्यावर भर सभेत असं सांगायला धैर्य लागतं. त्यांचा निष्कर्ष चुकला, हे आपल्याला आज माहीत आहे. पण त्यांनी आपल्या कामाची उगाच जाहिरात केली नाही.

चार वर्षांत चित्र पालटलं

तिकडे अमेरिकेत वेगळीच माणसं वेगळ्याच गरजेपोटी किपिंग यांचे निबंध वाचत होती.

न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावात काचेची मोठी कंपनी होती. तिने काचेचे धागे बनवले होते. विजेच्या मोटारींच्या तारांवर हे धागे गुंडाळले तर ते उष्णतेला दाद देत नाहीत. पण धागे जागेवर धरून ठेवायला वार्निश लागतं, आणि ते कार्बनी राळेचं असल्यामुळे तापून जळायचं. म्हणजे माझ्या सायलेन्सरचीच रडकथा! तिथल्या जेम्स फ्रँकलिन हाइड या रसायनतज्ज्ञाला काच आणि प्लास्टिक यांच्या मधलं काहीतरी हवं होतं. ते त्याला किपिंग यांच्या निबंधांत सापडलं. नॉटिंगहॅमला जो चिकटा अडचण होता, तोच इथे हवा तो माल ठरला.

जनरल इलेक्ट्रिकमध्ये यूजीन रोचो यांनी मे 1940 मध्ये पुढचा अडथळा दूर केला. ग्रिन्यारची पद्धत प्रयोगशाळेपुरती ठीक, कारखान्यासाठी खर्चिक. रोचो यांनी तांब्याच्या साहाय्याने सिलिकॉनची पूड आणि मिथाइल क्लोराइड वायू यांची सुमारे 300 अंशांवर थेट अभिक्रिया घडवली. जर्मनीत रिचर्ड म्युलर यांनीही स्वतंत्रपणे हेच साधलं. आजही सिलिकोनचा कच्चा माल याच मार्गाने तयार होतो.

1943 मध्ये मिशिगन राज्यातल्या मिडलँड इथे सिलिकोन बनवण्यासाठी डाऊ कॉर्निंग ही कंपनी उभी राहिली. महायुद्ध सुरू होतं. उंचावरच्या विरळ हवेत विमानांच्या इग्निशनमधून वीज गळायची. तिथे सिलिकोनचं ग्रीस लावल्यावर ती गळती थांबली. व्याख्यानाला पुरती सात वर्षंही झाली नव्हती.

मग हा रंग टिकतो कसा?

आता डबा पुन्हा हातात घेऊ. रहस्य त्या सिलिकॉन-ऑक्सिजन साखळीत आहे. कार्बन-कार्बन बंध तोडायला एका मोलमागे सुमारे 350 किलोज्यूल ऊर्जा लागते, तर सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाला सुमारे 450. शिवाय जळणं म्हणजे ऑक्सिजनशी संयोग, आणि इथे कण्यातला सिलिकॉन आधीच ऑक्सिजनशी जोडलेला असतो. जे आधीच वाळूसारखं आहे ते आणखी काय जळणार?

रंग दिल्यावर तीन टप्पे होतात.

पहिला टप्पा: थिनर उडतो आणि रंग हाताला कोरडा लागतो. पण तो अजून कच्चाच असतो, नखाने खरवडला जातो.

दुसरा टप्पा: साधारण 200 अंशांवर साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. किपिंग यांनी नोंदवलेली, पाणी बाहेर टाकून ऑक्सिजनचा पूल बांधायची क्रिया हीच. याला क्युअरिंग म्हणतात.

तिसरा टप्पा: तापमान 350-400 अंशांच्या पुढे गेलं की साखळीला लटकलेले कार्बनी गट हळूहळू जळून जातात. पण कणा तसाच राहतो. मागे वाळूच्या जातीचं जाळं उरतं आणि ते ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांना पत्र्यावर धरून ठेवतं. ॲल्युमिनियम 660 अंशांवर वितळतं, हे लक्षात घेतलं की डब्यावरचा 600 चा आकडा समजायला सोपा जातो.

काळा रंग हवा असेल तर रंगद्रव्यही तसंच लागतं. साधी काजळी जास्त तापमानाला जळून जाते आणि लोखंडाचा काळा ऑक्साइड तापल्यावर तांबूस होतो. म्हणून चांगल्या काळ्या रंगात तांबं, क्रोमियम, मँगनीज अशा धातूंचे भट्टीत भाजलेले ऑक्साइड वापरतात.

यातून कामाचे नियम आपोआप निघतात:

- गंज, तेल आणि जुना रंग पूर्ण काढा. वायर ब्रश, पॉलिश पेपर, शेवटी थिनरचा पुसा. सँडब्लास्टिंग करून मिळालं तर उत्तमच.
- खाली साधा रेड ऑक्साइड प्रायमर किंवा लांबी लावू नका. वरचा रंग टिकेल, पण खालचा थर जळेल आणि सगळंच सुटेल.
- हात पातळ द्या. एक हात साधारण 20 ते 25 मायक्रॉनचा पुरतो. जाड थरात थिनर अडकतो आणि तापल्यावर फोड येतात.
- रंग वाळला की लगेच लांब पल्ल्याला निघू नका. डब्यावर दिल्याप्रमाणे इंजिन थोडा वेळ चालवून, थंड होऊ देऊन, पुन्हा थोडं जास्त चालवून रंग टप्प्याटप्प्याने पक्का करा. हे मोकळ्या हवेत करा, कारण सुरुवातीला थोडा धूर येतोच.

रंग काय करू शकत नाही?

सायलेन्सर बाहेरूनच कुजतो असं नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालवली तर सायलेन्सर नीट तापत नाही, वाफेचं पाणी आतच साचतं, त्यात आम्लं मिसळतात आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरच्या रंगाचा त्याला काही उपयोग नाही. म्हणूनच कंपन्या ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला पत्रा किंवा स्टेनलेस स्टील वापरतात. मॅनिफोल्डसाठी काचेचं एनॅमल किंवा सिरॅमिक कोटिंगही करतात, पण ते भट्टीचं काम, घरचं नव्हे.

ऑक्सिजन सेन्सरवर रंग उडू देऊ नका. आणि एक्झॉस्टच्या आत जाईल असा साधा सिलिकोन सीलंट जोडणीत भरू नका. त्याची वाफ सेन्सरपाशी जाऊन जळते, तिथे वाळूसारखा पातळ थर बसतो आणि सेन्सर आंधळा होतो. पत्र्याला वाचवणारा तोच गुण सेन्सरचा घात करतो!

शेवट

निवृत्तीनंतर किपिंग यांचे शेवटचे दिवस वेल्समधल्या क्रिकिएथ या समुद्रकाठच्या गावात गेले. 1 मे 1949 रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. तोवर सिलिकोनची तेलं, रबर आणि राळ बाजारात आली होती. त्यांच्या मुलांपैकी एक केंब्रिजला रसायनशास्त्रज्ञ झाला, आणि दुसरा बुद्धिबळाची कोडी रचण्यात नामवंत ठरला. सिलिकोनमधून त्यांनी स्वतः कारखाना काढला नाही.

पण विचार करा, ज्या चिकट्यांचा त्यांना उपयोग नव्हता तेही त्यांनी फेकून देण्याआधी नीट लिहून ठेवले नसते, तर हाइड यांना वाचायला काय मिळालं असतं? काय उपयोगी ठरणार हे त्यांना कळलं नाही. जे दिसलं ते मात्र त्यांनी खरं खरं लिहिलं, आणि पुढच्या माणसाला तेवढं पुरलं.

माझं म्हणाल, तर पुढच्या रविवारी पुन्हा सतरंजी अंथरली. करपलेला रंग खरवडायला दोन तास गेले. मग चंदेरी रंगाचे दोन पातळ हात, आणि मेस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे इंजिन थांबून थांबून तापवलं. एक पावसाळा गेला, रंग अजून शाबूत आहे. आतून काय चाललंय ते मात्र सायलेन्सरलाच ठाऊक, म्हणून आता आठवड्यातून एकदा तरी गाडी चांगली वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणतो.